एसटीतल्या आमदारापलीकडे

३० जुलै २०२१ च्या रात्री गणपतराव देशमुख, म्हणजे सगळ्यांचे आबा, सोलापुरात वारले. वयाचं ९४ वं वर्ष होतं. दुसऱ्या दिवशी सगळ्यांच्या तोंडी त्याच तीन-चार गोष्टी होत्या. आबा एसटीनं फिरायचे. आबांची राहणी साधी होती. आबा सांगोला या एकाच मतदारसंघातून आणि शेतकरी कामगार पक्ष (शेकाप) या एकाच पक्षाकडून ११ वेळा आमदार झाले. यातलं काहीच खोटं नाही. तरी तेव्हापासून माझ्या मनात एक खंत आहे. आपण या माणसाला एसटीच्या खिडकीशी बसवलं, हात जोडले आणि मोकळे झालो. एखाद्याला साधुपुरुष ठरवलं की तो जन्मभर काय मागत होता आणि कुणाशी भांडत होता, हे विचारायची गरज उरत नाही. आबांच्या साधेपणाचं कौतुक सगळ्या पक्षांच्या नेत्यांनी केलं. त्यांच्या राजकारणाबद्दल मात्र फारसं कुणी बोललं नाही.

मला त्या राजकारणाबद्दल बोलायचं आहे, कारण आज प्रत्येक तालुक्यात एकच वाक्य ऐकू येतं: 'सत्तेबरोबर असल्याशिवाय निधी मिळत नाही.' सरपंच हे म्हणतो, आमदार पक्ष बदलताना हे म्हणतो, आणि मतदारही आता मान डोलावतो. सांगोल्याच्या लोकांनी पन्नासहून अधिक वर्षं या वाक्याला दाद दिली नाही. ते का आणि कसं जमलं, आणि त्याची किंमत काय पडली, हे नीट तपासलं पाहिजे.

पहिल्यांदा आबा निवडून आले ते १९६२ साली. संयुक्त महाराष्ट्र होऊन दोन वर्षं झाली होती, त्यासाठी लढलेल्या समितीची लाट ओसरली होती आणि २६४ पैकी २१५ जागा काँग्रेसकडे होत्या. शेतकरी कामगार पक्षाला १५ मिळाल्या, आणि तेवढ्यावर तो सर्वात मोठा विरोधी पक्ष ठरला. हा पक्ष १९४७ साली काँग्रेसच्याच पोटातून निघाला होता. केशवराव जेधे आणि शंकरराव मोरे यांच्यासारख्या बहुजन नेत्यांना वाटत होतं की स्वराज्य आलं तरी कुळाला, लहान शेतकऱ्याला आणि गिरणीतल्या कामगाराला काँग्रेसमध्ये आवाज नाही. १९५० साली नाशिक जिल्ह्यातल्या दाभाडीला पक्षानं मार्क्सवादाचा मार्ग धरला, आणि 'दाभाडी प्रबंध' हा शब्द पुढे दोन पिढ्यांच्या कार्यकर्त्यांच्या तोंडी राहिला. पण त्याच दशकात जेधे आणि मोरे दोघेही काँग्रेसमध्ये परतले. पुढे यशवंतराव चव्हाणांनी बेरजेचं राजकारण केलं, तेव्हा गावोगावचे शेकापचे कर्ते लोक एकेक करून तिकडे गेले. साखर कारखाने, जिल्हा बँका, जिल्हा परिषदा उभ्या राहत होत्या. बाहेर राहून बहुजनांचं भलं होत नाही, आत जाऊन करू, असं त्यांचं म्हणणं होतं.

म्हणजे 'सत्तेबरोबर असल्याशिवाय' हे आजचं वाक्य नाही, त्याला सत्तर वर्षं झाली. तेव्हा ते म्हणणारी माणसं मोठी होती आणि त्यांच्या म्हणण्यात तथ्यही होतं. आत गेलेल्यांनी कारखाने काढले, शाळा काढल्या. मी त्यांना गद्दार म्हणणार नाही. पण जे बाहेर राहिले त्यांनी काय केलं, याचा हिशेब कुणी मांडला नाही, म्हणून आबांसारख्या माणसाची कारकीर्द 'निष्ठा' या एका शब्दात गुंडाळली जाते. निष्ठा ही गोष्ट मोठी खरी, पण नुसत्या निष्ठेवर कुणी ११ निवडणुका जिंकत नाही.

त्या ११ विजयांच्या मध्ये दोन पराभव आहेत आणि मला ते विजयांइतकेच महत्त्वाचे वाटतात. १९७२ साली ते हरले आणि १९७४ च्या पोटनिवडणुकीत परत आले. १९९५ साली काँग्रेसच्या शहाजीबापू पाटलांनी त्यांना १९२ मतांनी हरवलं. एवढ्याशा फरकानं हरलेला, सत्तरीच्या उंबरठ्यावरचा माणूस घरी बसला असता तर कुणी नावं ठेवली नसती. दुसऱ्या पक्षाची दारंही उघडी होती. आबा १९९९ ला शेकापचा लाल बावटा घेऊनच पुन्हा उभे राहिले, निवडून आले आणि २००४, २००९, २०१४ अशा पुढच्या तीनही निवडणुका जिंकले. (११ विजय हा देशातला विक्रम असल्याचं पुष्कळदा सांगितलं जातं. ते बरोबर नाही. केरळमध्ये के. एम. मणी पालाई मतदारसंघातून १३ वेळा निवडून आले, तेही एका प्रादेशिक पक्षाकडून. आबांचं मोठेपण आकड्यावर अवलंबून नाही, त्यामुळे आकडा फुगवायचं कारण नाही.)

सांगोल्याबाहेरच्या माणसाला हे सारं जातीच्या गणितानं समजावून सांगितलं जातं. तालुक्यात धनगर समाज मोठा, आबा त्याच समाजातले, विषय संपला. जातीचं कारण खोटं नाही, पण पुरतं नाही. समाज तोच होता, तरी १९७२ आणि १९९५ ला आबा पडले. ज्या तालुक्यांत धनगर समाजाची संख्या मोठी आहे अशा कितीतरी ठिकाणी शेकापची शाखासुद्धा उरली नाही. सांगोल्यात ती का उरली, याचं उत्तर मला दुष्काळात सापडतं.

सांगोला ज्या माणदेशात येतो तो पावसाच्या सावलीतला मुलूख. ढग सह्याद्रीवर रिकामे होतात आणि इकडे येईपर्यंत वाराच उरतो. माण नदी वर्षातले बरेच महिने वाळूचीच असते. बहात्तरच्या दुष्काळातली मिलो ज्वारीची लाल भाकरी आणि सुकडी माझ्या आजीनं मरेपर्यंत आठवणीत ठेवली होती. ती सांगायची, खडी फोडायला गेलं की हजेरीपटावर नाव लागलं का ते आधी बघायचं, मग हातोडा उचलायचा. आजी निरक्षर होती, पण हजेरीपट म्हणजे काय ते तिला पक्कं ठाऊक होतं.

त्या दुष्काळातून रोजगार हमी योजना राज्यभर पसरली. कल्पना विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांची. १९७७ मध्ये तिचा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. पागे काँग्रेसचे होते आणि श्रेय त्यांचं आहेच. पण योजनेचा हक्क होण्यामागे त्या काळातल्या विरोधी पक्षांचे, शेतमजूर संघटनांचे आणि बायकांचे मोर्चे होते. काम मागितल्यावर सरकारनं काम दिलंच पाहिजे, हे वाक्य कायद्यात आलं. शहरातल्या नोकरदाराच्या पगारातून व्यवसाय कर कापून त्या पैशानं माणदेशातल्या बाईची मजुरी द्यायची, इतका सरळ विचार त्यामागे होता. देशाचा रोजगार हमी कायदा यायला २००५ साल उजाडलं. कायदा अमलात आला तेव्हा मुंबईत शरद पवारांच्या पुलोद (पुरोगामी लोकशाही दल) आघाडीचं सरकार होतं आणि आबा त्यात मंत्री होते. पुढे १९९९ ला विलासराव देशमुखांच्या मंत्रिमंडळात रोजगार हमी आणि पणन ही खाती त्यांच्याकडे आली. ज्यांच्या मतदारांनी खडी फोडली होती, त्यांच्याकडे ते खातं आलं.

१९९० पासून रोजगार हमीला फळबाग लागवड जोडली गेली. खड्डे काढायची, रोपं लावायची मजुरी सरकार देणार आणि बाग शेतकऱ्याची. माणदेशातल्या हलक्या, निचऱ्याच्या रानाला डाळिंब मानवलं. तेल्या आणि मर रोगानं पुढे पुष्कळ बागा घालवल्या, तरी ज्या तालुक्यातले लोक ऊसतोडीला आणि मुंबईला जात होते, त्या तालुक्याचं डाळिंब देशभर जाऊ लागलं. २८ डिसेंबर २०२० रोजी देशातली १०० वी किसान रेल्वे निघाली ती सांगोल्याहून, पश्चिम बंगालमधल्या शालिमारला. त्या गाडीला हिरवा झेंडा पंतप्रधानांनी दाखवला. तिच्यामागे तीस वर्षांपूर्वीच्या मजुरीच्या पावत्या होत्या, हे कुणाला आठवलं नसेल.

हा एका आमदाराचा पराक्रम आहे असं मी म्हणत नाही. फळबाग योजना शरद पवारांच्या सरकारची होती आणि घाम शेतकऱ्यांचा. पण योजना कागदावर येणं आणि ती एखाद्या तालुक्यात मुरणं यात फार अंतर असतं. ते अंतर तोडायला गावात संघटना लागते, अर्ज भरून देणारा कार्यकर्ता लागतो, तहसील कचेरीत ओरडणारा माणूस लागतो. सांगोल्यात तो लाल बावट्याचा होता. आजही 'आबांचा कार्यकर्ता' म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे जो येतो त्याच्या काखेत कागदांची पिशवी असते.

पाण्याचीही तीच गोष्ट. बच्छावत लवादानं कृष्णेचं ५६० टीएमसी पाणी महाराष्ट्राच्या वाट्याला दिलं आणि ३१ मे २००० नंतर निवाड्याचा फेरविचार होऊ शकेल असं म्हटलं. तोवर पाणी अडवलं नाही तर हातचं जाईल, या धास्तीनं १९९६ मध्ये कृष्णा खोरे विकास महामंडळ निघालं, धरणं आणि उपसा योजना एकदम सुरू झाल्या. पण अडवलेलं पाणी जाणार कुणाकडे? नदीकाठचा ऊस आधीच भिजलेला होता. हा प्रश्न आटपाडीच्या पाणी परिषदेनं विचारला. कृष्णा खोऱ्यातल्या १३ दुष्काळी तालुक्यांचे लोक तिथं दर वर्षी जमू लागले. नागनाथअण्णा नायकवडी, डॉ. भारत पाटणकर आणि गणपतराव देशमुख ही माणसं व्यासपीठावर असायची. अण्णा वाळव्याचे, म्हणजे स्वतः बागायती पट्ट्यातले, हुतात्मा कारखान्याचे संस्थापक. त्यांच्या दारात पाणी होतं. तरी ते कोरड्या मुलखासाठी भांडले, हे आठवलं की मला आजही बळ येतं. मागणी होती समन्यायी वाटपाची. पाणी जमिनीच्या मालकीवर नाही, माणसागणिक वाटा. ज्याला शेत नाही त्याच्याही घराचा त्यात हक्क धरा.

टेंभू, म्हैसाळ, नीरा उजवा कालवा, उजनी, या सगळ्या योजनांच्या शेपटाला सांगोला येतो. टेलच्या शेतकऱ्याचं दुःख कालव्याच्या तोंडाशी बसलेल्याला कळत नाही. आवर्तन, म्हणजे कालव्याच्या पाण्याची पाळी, सुटल्याची बातमी येते, वरचे मोटारी टाकतात, आणि खाली येईतो चिखल उरतो. आवर्तन कधी सुटणार, किती दिवसांचं, किती क्युसेकनं, हे आबा विधानसभेत आणि कालवा सल्लागार समितीत वर्षानुवर्षं विचारत राहिले. सभागृहात ते पूर्ण वेळ बसायचे आणि आकडे घेऊन बोलायचे, हे विरोधकही मान्य करतात. टेंभूचं पाणी माण नदीत सोडून कोल्हापूर पद्धतीचे बंधारे भरले जाऊ लागले, तेव्हा त्या नदीनं उन्हाळ्यात पाणी पाहिलं.

इथं एक आक्षेप येतो आणि तो मी टाळणार नाही. पन्नास वर्षं आमदार राहूनही आबांना सांगोल्याचं पाणी पुरतं आणता आलं नाही, सत्तेतला आमदार असता तर लवकर आलं असतं, असं बोललं जातं. या आक्षेपात लोकांची तहान आहे, त्यामुळे त्याला चिडून उत्तर देता येत नाही. पण शेजारी पाहावं. जत, माण, खटाव, मंगळवेढा या तालुक्यांनी अनेकदा सत्तेतल्या पक्षांचे आमदार निवडून दिले. मंगळवेढ्याच्या ३५ गावांची उपसा योजना म्हणून किती वर्षं रखडली? जतच्या ४० गावांचा विषय तर २०२२ मध्ये कर्नाटकच्या मुख्यमंत्र्यांनी उकरून काढला, कारण तिथल्या लोकांनी पूर्वी कधीतरी वैतागून आम्हाला कर्नाटकात जाऊ द्या म्हटलं होतं. सत्तेजवळ असणं हा पाण्याचा उपाय असता तर हे तालुके केव्हाच हिरवे झाले असते. कृष्णेचं पाणी उशिरा आलं कारण नदीकाठचं राजकारण बलवान होतं, आणि ते राजकारण सत्तेतच होतं. तिथं जाऊन बसलेला दुष्काळी आमदार गप्प बसायला शिकतो. बाहेरच्याला निदान बोलता येतं.

दुसरी गोष्ट सूतगिरणीची. सांगोला तालुक्याची शेतकरी सहकारी सूतगिरणी आबांनी उभी केली, पुढे महिलांची निराळी सूतगिरणीही निघाली. सहकारी सूतगिरण्यांचा महाराष्ट्रातला इतिहास दुःखाचा आहे. सरकारी भागभांडवल घ्यायचं, यंत्रं आणायची, भरती करायची, आणि काही वर्षांनी कुलूप लावायचं, असं कितीतरी ठिकाणी झालं. सांगोल्याची गिरणी चालली आणि तिचा नावलौकिक झाला. साधेपणाची खरी परीक्षा मला इथं दिसते, एसटीच्या बाकावर नाही. संस्थेच्या पैशाला हात लावायचा नाही, नातेवाइकांची खोगीरभरती करायची नाही, आणि कामगाराचा पगार वेळेवर द्यायचा, हे पाळणं रेल्वेच्या साध्या डब्यातून प्रवास करण्यापेक्षा फार अवघड असतं. शिवाय तालुक्यात हातांना काम देणारी एक संस्था असली, की सत्तेबाहेरच्या कार्यकर्त्यालाही दोन पायांवर उभं राहता येतं. ज्या ठिकाणी शेकापकडे अशी संस्था नव्हती, तिथं तो विझला.

आता निधीकडे येतो. सांगोला सोडून क्षणभर मंत्रालयात जाऊ. प्रत्येक आमदाराला स्थानिक विकास निधी सारखा मिळतो, तिथं भेद नाही. खरा पैसा दुसरीकडून येतो. ग्रामविकास खात्याचा लेखाशीर्ष २५१५ चा निधी, ज्याला गावात सगळे 'पंचवीस-पंधरा' म्हणतात. जिल्हा नियोजन समितीचा निधी, जो पालकमंत्र्याच्या हातात असतो. पुरवणी मागण्यांतून अचानक येणारे रस्ते आणि सभामंडप. या वाटपाला लोकसंख्येचं, दुष्काळाचं, रस्त्याच्या अवस्थेचं कोणतंही पक्कं सूत्र नाही. पत्र कुणाचं आहे त्यावर रक्कम ठरते. २०२२ मध्ये सत्तांतर झालं तशी आधीच्या सरकारनं मंजूर केलेल्या कामांना स्थगिती दिली गेली, आणि लोकांना उच्च न्यायालयात जावं लागलं. पुढच्या वर्षी निधीवाटपात दुजाभाव झाल्याची तक्रार विरोधी आमदारांनी सभागृहात केली. आज जे तक्रार करतात त्यांनी सत्तेत असताना निराळं वागून दाखवलं होतं का? मला तसं दिसत नाही.

याचा अर्थ काय होतो तो सरळ सांगतो. मतदारानं चुकीच्या बाजूला मत दिलं म्हणून त्याच्या गावचा रस्ता अडवला जातो. तो रस्ता त्यानं भरलेल्या करातून होणार असतो. काडेपेटीपासून ट्रॅक्टरच्या टायरपर्यंत तो प्रत्येक वस्तूवर कर भरतो, आणि कर घेताना कुणी त्याला पक्ष विचारत नाही. असं असताना 'आमच्या आमदारानं निधी आणला' असे फलक चौकात लागतात आणि त्यात आपल्याला काही गैर वाटत नाही, ही मला या काळातली सर्वात मोठी पडझड वाटते. आमदार हा पैसे आणणारा मध्यस्थ ठरला, तर सत्तेबाहेरच्या माणसाला निवडून देणं हा वेडेपणाच ठरतो. मग विधानसभेत प्रश्न विचारणारे, लक्षवेधी मांडणारे, विधेयकातली पळवाट दाखवणारे लोक येणार कुठून?

२०१९ मध्ये वयामुळे आबा थांबले. उमेदवारी नातवाकडे, डॉ. अनिकेत देशमुखांकडे गेली आणि शिवसेनेच्या शहाजीबापू पाटलांनी ७६८ मतांनी जागा घेतली. जून २०२२ मध्ये शिवसेनेतल्या बंडात बापू गुवाहाटीला गेले. 'काय झाडी, काय डोंगर' हे त्यांचं फोनवरचं बोलणं घराघरांत पोचलं आणि महाराष्ट्र हसला. मला हसू आलं नाही. बापूंवर रागावूनही मी हे म्हणत नाही. त्यांची बाजू त्यांनी पुष्कळदा सांगितली आहे की तालुक्याच्या कामांसाठी गेलो, आणि त्यांच्या काळात सांगोला उपसा सिंचन योजनेला मंजुरी मिळाली हेही खरं आहे. पण ज्या तालुक्याची ओळख पन्नास वर्षं एका जागी उभा राहिलेला आमदार ही होती, त्याची ओळख एका रात्रीत पक्षांतराच्या हॉटेलाशी जोडली गेली. पाणी मिळवायला आसामला जावं लागतं, असं राज्याचं राजकारण झालं असेल तर दोष कुणा एका आमदाराचा राहत नाही.

२०२४ ला सांगोल्यानं पुन्हा शेकापला निवडलं. आबांचे दुसरे नातू डॉ. बाबासाहेब देशमुख २५ हजारांहून अधिक मतांनी विजयी झाले. मला आनंद झाला, पण त्या आनंदात हुरळून जायला आधार नाही. लढत तिरंगी होती, शिवसेनेचे दोन्ही गट समोरासमोर होते, आणि दोघांची मतं मिळून बाबासाहेबांपेक्षा जास्त भरली. लोकांनी निधीच्या राजकारणाला झिडकारलं, असं त्यातून काढता येत नाही. एवढंच म्हणता येतं की लाल बावट्याची पक्की मतं तिथं अजून आहेत.

त्याच सोलापूर जिल्ह्यात दुसरा एक माणूस आहे आणि आबांबद्दल बोलताना मला तो आठवतोच. नरसय्या आडम मास्तर, मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाचे, तीन वेळा आमदार. आबांसारखी ११ निवडणुकांची मालिका त्यांच्या नशिबी नव्हती. २००४ नंतरच्या निवडणुका ते हरत गेले. पण विडी वळणाऱ्या बायकांसाठी कुंभारीला १० हजार घरांची वसाहत त्यांनी उभी करवली, २००६ मध्ये तेव्हाचे पंतप्रधान मनमोहन सिंग तिथं आले. मग ३० हजार घरांचं रे नगर हाती घेतलं, आणि १९ जानेवारी २०२४ रोजी त्यातल्या १५ हजार घरांच्या किल्ल्या पंतप्रधान मोदींच्या हस्ते दिल्या गेल्या. एक काँग्रेसचा पंतप्रधान, एक भाजपचा, आणि दोन्ही वेळा मागणी लावून धरणारा माणूस लाल झेंड्याचा. मास्तर दोन्ही पक्षांत गेले नाहीत. सत्तेबाहेर राहून काम होत नाही म्हणणाऱ्यानं एकदा कुंभारीला जाऊन यावं.

तरी एक गोष्ट मनाला लागून राहते. आबा असताना शेकाप महाराष्ट्रात आटत गेला. १९६७ ला १९ आमदार होते, १९७८ ला १३, १९९९ ला ५, २००४ ला २, आणि २०१९ व २०२४ ला एकेक. रायगडमध्ये दि. बा. पाटलांनी सिडको आणि जेएनपीटीच्या जमिनींसाठी उभं केलेलं आंदोलन, मराठवाड्यात उद्धवराव पाटील आणि केशवराव धोंडगे, कोल्हापूर-सांगलीत एन. डी. पाटील, अशी माणसं एका पक्षात होती यावर आजच्या मुलांचा विश्वास बसत नाही. ती माणसं गेली आणि मागे आपापले किल्ले राहिले, ते एकमेकांना जोडले गेले नाहीत. सांगोल्याची सूतगिरणी चांगली चालली, पण तिथून दुसऱ्या तालुक्यात संघटना उभी करायला किती कार्यकर्ते गेले? आबांच्या नंतर तालुक्यात दुसऱ्या घरातलं नाव पक्षाला देता आलं नाही, हेही बोललं पाहिजे. डॉक्टर झालेल्या नातवांच्या योग्यतेबद्दल मला शंका नाही. पण ज्या पक्षानं वतनदारीविरुद्ध जन्म घेतला, त्याच्या शेवटच्या किल्ल्यात वारसा घरातच राहावा, हे आबांच्या राजकारणाशी जुळत नाही. शाखेत मोठा झालेला, हजेरीपट वाचणारा एखादा कार्यकर्ता त्या जागी पोचला असता तर आबांचं काम पुढे गेलं असं मी म्हटलं असतं.

आणि आघाड्या. पुलोदमध्ये पक्ष पवारांबरोबर होता, १९९९ ला काँग्रेस-राष्ट्रवादीबरोबर. जून २००२ मध्ये रायगड जिल्हा परिषदेतल्या राष्ट्रवादीशी झालेल्या भांडणावरून शेकापनं सरकारचा पाठिंबा काढला. दुसऱ्या जिल्ह्यातल्या कार्यकर्त्यांसाठी आपलं मंत्रिपद गेलं याबद्दल आबांनी कुरकुर केली नाही, यात पक्षशिस्तीचा एक मोठा धडा आहे. पण मोठ्या पक्षाच्या सावलीत उभं राहिलं की आपलं झाड वाढत नाही, हाही धडा त्यातच आहे, आणि तो पक्षानं घेतला नाही. पुढच्या वीस वर्षांत आघाडीतल्या एखाद्या जागेवर आणि विधान परिषदेच्या गणितावर पक्ष तग धरत राहिला. जुलै २०२४ मध्ये शेकापचे जयंत पाटील विधान परिषदेची निवडणूक हरले तेव्हा ते गणितही फसलं.

म्हणून आज बाबासाहेब देशमुख २८८ जणांच्या सभागृहात आपल्या पक्षाचे एकटे आहेत. त्यांच्याकडे लोक पाणी मागतील, रस्ता मागतील, पीकविमा मागतील. गावागावांतून त्यांना विचारलं जाईल की निधी किती आणला. त्यांच्यावर सत्तेकडे सरकण्याचा दबाव आबांच्या काळापेक्षा दसपट आहे, हे मी समजू शकतो. पण एक काम एकटा आमदारसुद्धा करू शकतो आणि सांगोल्याच्या आमदाराइतका त्याचा अधिकार दुसऱ्या कुणाला नाही. २५१५ चा आणि जिल्हा नियोजनचा पैसा लोकसंख्या, पाऊसमान आणि रस्त्यांची अवस्था पाहून सूत्रानं वाटा, कोणत्या तालुक्याला किती दिले ते दर तीन महिन्यांनी जाहीर करा, आणि सत्ता बदलली म्हणून मंजूर काम थांबवायला बंदी घाला, असं अशासकीय विधेयक त्यांनी मांडावं. ते मंजूर होणार नाही हे मलाही कळतं. पण चर्चेला आलं तर प्रत्येक आमदाराला उभं राहून सांगावं लागेल की तो कोणत्या बाजूचा आहे, आणि ते कामकाजात छापलं जाईल.

रोजगाराचा हक्कही आधी अशाच मागण्यांच्या कागदांत होता. माझ्या आजीचं नाव हजेरीपटावर लागलं ते त्यानंतर.